आधी आरोग्यमित्र, मग बिलिंग काउंटर

पत्र : मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, विड्या वळते. मालक (नवरा) यंत्रमागावर कामाला आहेत, वय ४७. दोघांचं मिळून महिन्याला चौदा हजारांच्या आसपास येतं. पंधरा दिवसांपूर्वी जिना चढताना त्यांच्या छातीत दुखलं. एका खाजगी दवाखान्यात ईसीजी आणि इको केली. अँजिओग्राफी करा, ब्लॉक निघाला तर स्टेंट टाकावी लागेल, दोन लाखांपर्यंत जाईल, पन्नास हजार आधी भरा म्हणाले. आमचा कसलाही विमा नाही. केशरी रेशनकार्ड आहे. योजनेचं विचारलं तर "आमच्याकडे योजना नाही" म्हणाले. सासूबाई ७२ वर्षांच्या, बीपी-शुगरच्या गोळ्यांना महिन्याला हजार-बाराशे जातात. सावकाराकडून पैसे उचलावेत का? आणि दर निवडणुकीला आरोग्य मोफत करू म्हणतात, ते आमच्या दारापर्यंत कधी येणार?

ताई, सावकाराकडे जाऊ नका, निदान आत्ता तरी नाही. पण त्याआधी जिवाचं. चालताना दुखतं आणि बसलं की थांबतं, तोवर कागद जमवायला थोडे दिवस मिळू शकतात, किती ते डॉक्टरांना विचारून घ्या. बसल्या जागी दुखायला लागलं, दुखणं हात, जबडा किंवा पाठीकडे गेलं, दरदरून घाम आला, दम लागला, तर योजना, कार्ड, कागद सगळं बाजूला ठेवून १०८ ला फोन करा. ही गाडी फुकट आहे. सिव्हिल, म्हणजे आपलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, तिथे अपघात विभाग चोवीस तास चालू असतो. तातडीच्या रुग्णाला पैशांसाठी सरकारी रुग्णालयाने परत पाठवणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालच्या खेतमजदूर समितीच्या खटल्यात सांगितलं आहे.

आता पैशांचं. एक गोष्ट मनात पक्की बसवा. गरिबांसाठीच्या बहुतेक योजना बिल परस्पर दवाखान्याला देतात. तुम्ही भरून बसलात की ते पैसे परत मिळवणं म्हणजे वर्षभराची वणवण. त्यामुळे पन्नास हजार "आधी भरा" म्हणतात तिथे, भरण्याच्या आधी, योजनेचं काम झालेलं असलं पाहिजे. लोक नेमकं उलटं करतात. दागिने मोडून भरती होतात आणि चौथ्या दिवशी कुणीतरी सांगतं की फुकट झालं असतं.

तुमच्यासाठी पहिली योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ती आपल्या जिल्ह्याला नवी नाही. २ जुलै २०१२ ला राज्यातल्या ज्या आठ जिल्ह्यांत ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. म्हणूनच जुनी माणसं अजून "जीवनदायी" म्हणतात. आता ती आयुष्मान भारतशी जोडली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. केशरी कार्ड चालतं, पिवळं चालतं, पांढरं कार्डही आता चालतं. अँजिओप्लास्टी, म्हणजे बंद रक्तवाहिनी मोकळी करणं, आणि स्टेंट त्यात येतात.

"आमच्याकडे योजना नाही" या उत्तराचे तीन वेगवेगळे अर्थ असतात आणि कुठला ते विचारून घ्यावं लागतं. एक, तो दवाखाना योजनेत मुळातच नाही. दोन, दवाखाना योजनेत आहे, पण हृदयविकारासाठी नाही, नुसत्या हाडांच्या किंवा किडनीच्या उपचारांसाठी आहे. तीन, सगळं आहे, पण रोख भरणारा रुग्ण दिसला की काउंटरवरचा माणूस योजनेचं नाव काढत नाही. काउंटरवर विचारून उपयोग नसतो. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे रुग्णांना मदत करायला योजनेने नेमलेल्या माणसाचं, टेबल असतं, विचारायचं त्याला. आणि घरून निघण्याआधी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन करून थेट विचारा : "सोलापूर शहरात अँजिओप्लास्टीसाठी योजनेतले दवाखाने कोणते?" आजाराचं नाव घेऊन विचारा, मोघम नको. सिव्हिलचंही नाव त्यात काढा आणि कॅथलॅब (अँजिओग्राफी करतात, स्टेंट टाकतात ती खोली) सध्या चालू आहे ना, तारीख किती दिवसांची मिळते, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून खात्री करून घ्या. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात, त्यामुळे खाजगीने नाही म्हटलं म्हणजे योजनेतच नाही असं समजू नका.

आता कागद. इथेच पूर्व भागातल्या तेलुगू घरांचं सगळ्यात जास्त अडतं. रेशनकार्डावर नाव "श्रीनिवास" आणि आधारवर "श्रीनिवासुलु". एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. वडिलांचं नाव एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर. तेलुगू घरात नाव लिहायची पद्धत वेगळी, मराठीत फॉर्म भरणाऱ्याची वेगळी, आणि इंग्रजीत टाइप करणाऱ्याची तिसरीच. संगणकावर नाव जुळत नाही आणि मंजुरी लटकते. आजच मालकांचं आधार आणि रेशनकार्ड शेजारी-शेजारी ठेवा, एकेक अक्षर जुळवून बघा. रेशनकार्डाचा १२ अंकी ऑनलाइन नंबर आहे का तेही बघा. जुन्या हाताने लिहिलेल्या कार्डावर तो नसतो, रेशन दुकानदाराच्या मशीनमध्ये सापडतो. मालकांचं नावच कार्डात नसेल, किंवा लग्नानंतर तुमचं चढवायचं राहिलं असेल, तर शहरासाठी अन्नधान्य वितरण कार्यालयात अर्ज करावा लागतो. स्पेलिंगचा फरक बारीक असेल तर आरोग्यमित्राला आधी दाखवा. कधी तेवढ्यावर भागतं, कधी आधार दुरुस्त करावं लागतं. हे भरती व्हायच्या आधी कळलं पाहिजे. ऑपरेशनच्या टेबलावर कळून काय उपयोग?

मग आयुष्मान कार्ड काढून घ्या. आरोग्यमित्राकडे किंवा आपले सरकार केंद्रात निघतं, आधारवरचा मोबाईल नंबर चालू हवा, कारण ओटीपी त्यावर येतो. तो नंबर पोराच्या जुन्या सिमचा असतो आणि सिम बंद झालेलं असतं, हा तर नेहमीचाच घोळ.

दवाखान्यातला क्रम असा : डॉक्टर तपासतात, आरोग्यमित्र नोंदणी करतो, दवाखाना रिपोर्ट जोडून ऑनलाइन मंजुरी मागतो, मंजुरी आली की उपचार. तातडीचं असेल तर फोनवरून आधी मंजुरी घेऊन कागद नंतर देता येतात. भरती झाल्यापासूनच्या तपासण्या, औषधं, स्टेंट, जेवण, सुट्टीनंतर घरी जायचं भाडं, हे सगळं पॅकेजमध्ये धरलेलं असतं. त्यामुळे योजनेत भरती असताना "ही गोळी बाहेरून आणा", "चांगली स्टेंट हवी तर वरचे तीस हजार द्या" असं कुणी म्हटलं तर द्यायचे नाहीत. दिलेच तर पावतीशिवाय द्यायचे नाहीत. पावती असली तरच १५५३८८ वरच्या तक्रारीला वजन येतं.

जे येत नाही तेही ऐका. आत्तापर्यंत झालेला ईसीजी-इकोचा खर्च मिळणार नाही. योजना भरती झालेल्या रुग्णासाठी आहे, ओपीडीसाठी नाही. अँजिओग्राफीत काही निघालंच नाही, स्टेंट लागलीच नाही, तर त्या तपासणीचे पैसे कोण देणार हे आधीच आरोग्यमित्राकडून विचारून घ्या. या एका प्रश्नावरून दवाखान्यात सगळ्यात जास्त भांडणं होतात.

योजनेत कुठे जमलंच नाही तर दुसरा रस्ता धर्मादाय रुग्णालयांचा. ट्रस्टने चालवलेल्या, करसवलती घेणाऱ्या रुग्णालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक प्रमाणे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याची योजनाच घालून दिली : रुग्णालयाने एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची आणि त्यातून हा खर्च करायचा. निर्धन म्हणजे कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत.

तुमचे चौदा हजार गुणिले बारा म्हणजे १ लाख ६८ हजार. निर्धनमध्ये बसता. पण मुख्यमंत्री सहायता निधीची मर्यादा १ लाख ६० हजार आहे, तिथे आठ हजारांनी बाहेर पडता. म्हणून उत्पन्नाचा दाखला काढताना नीट हिशोब करा. खोटं सांगा असं मुळीच म्हणत नाही. पण यंत्रमागाचा पगार आठवड्याचा, आणि वर्षाचे बावन्न आठवडे माग चालत नाहीत. सुताचा तुटवडा, मंदी, दिवाळीची सुट्टी, मालक आजारी पडल्यापासूनचे हे पंधरा दिवस, तुमचं पान न मिळालेले विडीचे दिवस, ते सगळे वजा करून जे खरं हातात आलं तेवढंच वार्षिक उत्पन्न. लोक चांगल्या आठवड्याचा पगार धरून गुणाकार करतात आणि आपल्याच हाताने अपात्र होतात. दाखला तहसीलदारांचा लागतो, सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातून अर्ज होतो. तो मिळायला पंधरवडा लागू शकतो, म्हणून गरज पडो न पडो, उद्याच अर्ज टाका. ऐनवेळी तो मिळत नाही.

धर्मादाय रुग्णालयात डॉक्टरांकडे जाण्याआधी वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. अर्ज, दाखला, रेशनकार्ड, आधार यांच्या प्रती द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. "खाटा भरल्यात" म्हणाले तर ते लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी मागितलं की एखादी खाट निघते. तरीही अडलं तर धर्मादाय आयुक्तांच्या सोलापूर कार्यालयात त्याच दिवशी अर्ज द्या. कोणतं रुग्णालय धर्मादाय आहे याची यादीही तिथेच मिळते.

मुख्यमंत्री सहायता निधी तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. त्याला दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं (खाजगी असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांनी प्रमाणित केलेलं), दाखला, रिपोर्ट, आणि रुग्ण भरती असतानाचा फोटो. पैसे दवाखान्याच्या खात्यात जातात आणि सुट्टी झाल्यावर केलेला अर्ज बाद होतो. शिवाय फुले योजनेत होणाऱ्या उपचारासाठी आधी ती योजनाच वापरा म्हणतात, आणि ते बरोबरच आहे.

मालकांच्या कामाचं एक विचारायचं राहिलं. त्यांच्या शेडमध्ये किती माणसं आहेत? दहा किंवा जास्त असतील आणि पगार महिना २१ हजारांच्या आत असेल, तर त्यांना राज्य विम्याचं, म्हणजे ईएसआयचं कार्ड मिळायलाच हवं. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापतात, कारखानदार सव्वातीन टक्के भरतो. अकरा हजार पगार असेल तर तुमच्या खिशातून जातात साडेब्याऐंशी रुपये. त्यात बायको, मुलं आणि अवलंबून असलेले आई-वडील धरून सगळ्यांची ओपीडी, औषधं, भरती, आजारपणाच्या रजेचा भत्ताही. होटगी रोडला या विम्याचं रुग्णालय आहे. एवढं सगळं एकत्र बाकीच्या या योजनांत नाही. एका छपराखाली वीस माणसं असतात आणि कागदावर दहाच्या आत दाखवायला भावाच्या नावाने आठ, मेव्हण्याच्या नावाने सात, तेव्हाच हे कार्ड मिळत नाही. तक्रार करायची असेल तर आधी पुरावा गोळा करा : हजेरीचं कार्ड, आठवड्याच्या पगाराची चिठ्ठी, फोनवर आलेला पगार. एकट्याने तक्रार केली तर काम जातं, चार-पाच घरांनी मिळून किंवा युनियनमार्फत करा. या महिन्यातल्या ऑपरेशनला याचा उपयोग होणार नाही, पुढच्या वीस वर्षांना होईल.

आणि तुमचं स्वतःचं विडी कामगाराचं ओळखपत्र? ते असेल तर विडी कामगारांसाठीच्या केंद्रीय कामगार कल्याण दवाखान्यात तुम्हाला आणि घरच्यांना उपचार मिळतात, काही मोठ्या आजारांना अर्थसाहाय्यही आहे. पण तिथल्या डॉक्टरांची शिफारस आधी लागते, नंतर नेलेलं बिल ते घेत नाहीत. मुलांची शिष्यवृत्तीही याच कार्डावर असते. कार्ड नसेल तर कारखान्यातून काढून घ्या, टाळाटाळ चालवून घेऊ नका.

सासूबाईंचे हजार-बाराशे मात्र या महिन्यापासूनच वाचतील. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात बीपी-शुगरची तपासणी आणि नेहमीच्या गोळ्या मोफत मिळतात. जुनी चिठ्ठी घेऊन जा, त्यावर कंपनीचं नाव असेल तर डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या : टेल्मिसार्टन ४०, अ‍ॅम्लोडिपिन ५, मेटफॉर्मिन ५००, जे असेल ते. तिथे साठा संपला असेल तर तीच चिठ्ठी जनऔषधी केंद्रात चालते, ब्रँडच्या निम्म्याहून कमी किमतीत. गोळीचा रंग-आकार बदलला की म्हातारी माणसं "ही माझी गोळी नाही" म्हणून सोडून देतात किंवा जुनी-नवी दोन्ही घेतात. म्हणून पहिल्या दिवशी जुनी पाकिटं घरातून काढूनच टाका आणि महिन्याने बीपी-शुगर पुन्हा मोजून घ्या. त्यांचं वय सत्तरच्या वर, म्हणजे त्यांना उत्पन्नाची अट न लावता वय वंदना कार्डही (सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड) मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून. भरतीची वेळ आली तर ते उपयोगी पडेल.

मालकांना स्टेंट बसलीच तर दोन गोष्टी. स्टेंटच्या किमतीला २०१७ पासून सरकारची कमाल मर्यादा आहे (तेव्हा औषधाचा लेप असलेल्या स्टेंटला २९ हजार ६०० ठरली होती, पुढे वेळोवेळी बदलत गेली) आणि रोखीने केली तर बिलात स्टेंटची कंपनी, बॅच नंबर आणि किंमत वेगळी दाखवावीच लागते. दुसरी गोष्ट याहून मोठी : रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या. दोन महिन्यांनी बरं वाटतं, पैशांची ओढ असते, गोळी बंद होते आणि स्टेंटमध्येच गुठळी होते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक दिवसही चुकवायची नाही. सुट्टीच्या वेळी आरोग्यमित्राला पाठपुराव्याचं पॅकेज लागू आहे का विचारा, नसेल तर सिव्हिलच्या ओपीडीत नाव घाला.

शेवटचा तुमचा प्रश्न, दारापर्यंत कधी येणार. थोडं आलंय, पण वेडंवाकडं आलंय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी-उपचार पूर्ण मोफत झाले. म्हणजे पंढरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात, अक्कलकोटच्या ग्रामीण रुग्णालयात. पण आपलं सिव्हिल वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं, ते वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, म्हणून तो निर्णय इथे लागू झाला नाही. जिल्ह्यातला सगळ्यात गंभीर रुग्ण जिथे येतो तिथेच केसपेपर आणि तपासणीला शुल्क. खातं कुठलं याच्याशी रुग्णाला काय देणंघेणं? ही मागणी आमदारांकडे लावून धरण्यासारखी आहे, कारण तिला नवीन इमारत लागत नाही, एक शासन निर्णय लागतो. दुसरी मागणी औषधांची. देशात आरोग्यावरच्या एकूण खर्चातला ३९.४ टक्के वाटा २०२१-२२ साली लोकांच्या खिशातून गेला. तुमच्या सासूबाईंच्या गोळ्या त्यातच आल्या. फुले योजना पाच लाखांची केली तरी बाराशेची चिठ्ठी तिच्यात बसत नाही. ओपीडीची औषधं कायम साठ्यात असणं, हे निवडणुकीच्या फलकावर छापायला दिसायला छोटं, पण घराला मोठं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के करू असं लिहिलं होतं. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. महाराष्ट्रात असा कायदा नाही. शुश्रूषागृहांच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं, ते मात्र आहे. पुढच्या वेळी खाजगी दवाखान्यात गेलात तर तो फलक शोधा.

बचतगटातल्या बायकांना घेऊन एक काम करता येईल. धर्मादाय कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात विचारा : सोलापूर शहरातली धर्मादाय रुग्णालयं, प्रत्येकातल्या निर्धनांसाठीच्या खाटा, गेल्या तीन वर्षांत मोफत उपचार मिळालेले रुग्ण आणि निर्धन रुग्ण निधीतली शिल्लक. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ३० दिवसांत उत्तर. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर असावा लागतो, नाहीतर तेवढ्यावरूनच फेटाळतात. म्हणून सिव्हिलच्या औषधसाठ्याचा प्रश्न त्यात घालू नका, त्याचा अर्ज वेगळा करा. निधीत शिल्लक आणि खाटा रिकाम्या दिसल्या तर तो कागद जोडून जिल्हाधिकारी कार्यालयातल्या लोकशाही दिनात, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायच्या दिवशी, ठेवा. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो.